बिनविरोध चाकं

चाकाचा शोध लागला आणि माणूस सुधारला, असं सगळे विद्वान एकमुखानं सांगतात. हा शोध ज्यानं लावला त्यानं तो एकट्यानं, कुणालाही न विचारता लावला असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्यानं सांगलीत बैठक बोलावली असती तर आपण अजून ओझी डोक्यावर वाहत असतो, आणि चाक गोल असावं की नसावं यावरचा उपसमितीचा अहवाल यायचा राहिला असता.

आमच्या कृष्णामाई सायकल मंडळात चाकांचा विषय निघाला तो राजवर्धनमुळं. राजवर्धन साखर कारखान्यात केमिस्ट आहे. माणूस इतका सौम्य की त्याच्या तोंडून आजवर एकच शिवी ऐकल्याचं लोक सांगतात, आणि तीही त्यानं स्वतःच्या सायकलच्या मागच्या चाकाला उद्देशून दिली होती.

त्याला ब्रेव्हेचा नाद. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलनं तोडायचं, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे, ठाणं सोडून इतरत्र कुणाची मदत घ्यायची नाही, आणि शेवटी घरी आल्यावर जिना चढवत नाही म्हणून खाली पार्किंगमध्येच बसून राहायचं. एका वर्षात दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर अशा चार ब्रेव्हे पूर्ण केल्या की माणूस 'सुपर रँडोनर' होतो. त्यानं पगार वाढत नाही.

राजवर्धनच्या पहिल्या तीन झाल्या होत्या. सहाशेची तेवढी राहिली होती, आणि वर्षातली शेवटची सहाशे सप्टेंबरच्या अखेरीस, भर पावसाची, सांगलीहूनच सुटणार होती. ती हुकली की आधीच्या तिन्ही पाण्यात. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं होतं: पावसाचं पाणी बेअरिंगात शिरून मागचं चाक जात्यासारखं घरघरायला लागलं, मग दहिवडीपाशी एकेक स्पोक तुटत गेला, आणि राजवर्धन उसाच्या मोकळ्या ट्रॉलीत बसून परत आला. त्याची बायको पल्लवी सांगलीच्या कोर्टात वकिली करते. तिनं तेव्हाच निकाल देऊन टाकला होता. "आणखी एक वर्ष. झालास तर झालास. त्याच्या पुढचे रविवार माझे." या निकालावर अपील नव्हतं.

तेव्हा राजवर्धननं चांगली चाकं घ्यायचं ठरवलं. त्यानं महिनाभर अभ्यास करून जोडी निवडलीही होती. साधी अल्युमिनियमची, उथळ रिमची, स्पोक भरपूर, बेअरिंगला चिखलपाणी आत जाऊ नये म्हणून चांगली झाकणं, रिम जरा रुंद, म्हणजे जाड टायर बसावेत आणि खड्ड्यात मणका शाबूत राहावा. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग त्यानं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "ही चाकं कुणी वापरली आहेत का?"

संध्याकाळपर्यंत अध्यक्षांचा आवाजी निरोप आला. "राजवर्धन ह्यांची चाकं ही आता त्यांची एकट्याची राहिली न्हाईत. साताऱ्याच्या मंडळात तीन सुपर रँडोनर हायत. आपल्यात एकबी न्हाई. चाकं मंडळ दील. रविवारी बैठक."

अध्यक्ष नानासो स्वतः सायकल चालवत नाहीत. गुडघ्याचं कारण सांगतात. पण त्यांनी पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था आणि दोन दूध संघ यांच्यात निवडणूक होऊ न देण्यात हयात घालवली आहे. एक गट नाराज, दुसरा गट हट्टाला पेटलेला, अर्ज मागं घ्यायला तासभर उरलेला, अशा वेळी नानासोंना बोलावतात. ते दोघांना वेगवेगळं बाजूला घेतात, दोघांच्याही खांद्यावर हात ठेवतात, आणि बाहेर येतात तेव्हा एकाला अध्यक्षपद आणि दुसऱ्याला उपाध्यक्षपद मिळालेलं असतं. संस्थेचं पुढं काय होतं हा वेगळा विषय.

बैठक विश्रामबागेतल्या हॉटेलात, मिसळीच्या साक्षीनं भरली.

"कार्बन. दुसरा विषयच नाही," ऋषिराज म्हणाला. त्याचं फरशांचं दुकान आहे आणि गुळगुळीत वस्तूंवर त्याचा जन्मजात विश्वास आहे. "चांगली खोल रिम घ्यायची, आत आसाकडं चार बोटं उतरलेली. वारा कापत जाते. आवाज ऐकलाय का तिचा? विमान उतरल्यासारखा."

"इमान उतरतंय तितं खड्डं नसत्यात, गड्या," मल्हार म्हणाला. मल्हार मूळचा आटपाडीचा. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली, हा मेंढरांचा डॉक्टर झाला. "आपला रस्ता म्हंजे उसाच्या ट्रॉल्यांनी नांगरल्याला. तितं तुजं कार्बन टिचलं की काय करणार? पलिस्तर?"

"टिचत नाही रे. टेक्नॉलॉजी कुठल्या कुठं गेलीय."

"टेक्नॉलॉजी जाऊ दे कुटंबी. आपला राजाभाऊ दहिवडीत अडकतोय, त्येचं बोल. अल्युमिनियम घ्या, बत्तीस स्पोकचं, आनि इसरून जावा."

"बत्तीस स्पोक म्हणजे बैलगाडीच झाली की!"

"मग? बैलगाडी कवा पंक्चर झाल्याली बगितलीयास?"

"माझं जरा ऐकता का," राजवर्धन म्हणाला, "मी एक जोडी—"

"तुमचं शेवटी घिऊ," नानासो म्हणाले.

तासाभरात मंडळाचे सरळ दोन भाग पडले. ज्यांच्या घरी ऋषिराजच्या फरशा होत्या ते कार्बनचे झाले. ज्यांची कुत्री आणि म्हशी मल्हारकडं होत्या ते अल्युमिनियमचे. ज्यांच्याकडं दोन्ही होतं ते मिसळ खात राहिले. वारा, वजन, ओलावा, खड्डे यांच्यावर जे बोलणं झालं ते खूप अभ्यासपूर्ण होतं, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी आपल्या सायकलीचं चाक स्वतः कधी काढलेलं नव्हतं.

मग नानासो उठले. त्यांनी ऋषिराजला हॉटेलाबाहेर पानपट्टीपाशी नेलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परत पाठवला. मल्हारला नेलं. त्याच्याही खांद्यावर हात ठेवला. आत आले, चहा मागवला, आणि म्हणाले, "बिनविरोध झालं."

"पुडचं चाक कार्बन गटाला. मागचं चाक अल्युमिनियम गटाला."

टाळ्या पडल्या. आमच्या भागात टाळ्या आधी पडतात, विचार नंतर होतो.

"पुडचं चाक म्हंजे अध्यक्षपद," नानासोंनी समजावून सांगितलं. "फोटोत त्येच दिसतंय. मागचं म्हंजे उपाध्यक्ष. समदं काम त्येच करतंय, चेन बी तिकडंच असत्या. कुनाचाच अवमान न्हाई."

राजवर्धन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मिसळीच्या कटाखेरीज रंग उरला नव्हता. "नानासो, हे उलट झालं. मिसळायचंच असेल तर खोल रिम मागं लावतात. पुढच्या चाकाला बाजूचा वारा लागला की हँडलच फिरवतो तो. आणि वाट चाळकेवाडीच्या पठारावरनं आहे. पवनचक्क्या उगाच नाहीत तिथं—"

"मग अध्यक्षाला मागं बसवू म्हणता?"

"पण वारा—"

"वाऱ्याला मतदान न्हाई, राजवर्धन," नानासो प्रेमानं म्हणाले. "बसा. भजी सांगितल्यात."

घरी पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं.

"मग नको म्हणायचं होतंस."

"कसं म्हणणार? बिनविरोध झालंय. नाही म्हटलं की मी विरोध ठरतो."

"मग तुझी तूच विकत घे."

"मंडळाचा अपमान होतो. ऋषिराज आणि मल्हार दोघंही बोलायचे बंद होतील. एकमेकांशी बोलतील, ते वेगळं."

"तुला सुपर रँडोनर व्हायचंय की सरपंच?"

"सुपर रँडोनर," राजवर्धन कळवळून म्हणाला. "पल्लू, मला खरंच व्हायचंय. यंदा नाही झालो तर कधीच नाही."

पल्लवीनं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा कोर्टातसुद्धा शांतता पसरते. "मग एवढं लक्षात ठेव. तडजोड ही पक्षकारासाठी असते. तडजोडीसाठी पक्षकार नसतो."

राजवर्धननं मान डोलावली. दोन दिवसांनी चाकं आली. एका गटानं पुढच्या चाकापुढं नारळ फोडला, दुसऱ्यानं मागच्या चाकामागं. पुढच्या चाकाची रिम पितळी परातीएवढी खोल, काळी, चकचकीत. मागचं चाक करडं आणि जाळीदार. सायकल बाजूनं पाहिली की लग्नात नवरदेवाच्या मागं त्याचा थोरला चुलता उभा असावा तशी दिसे.

शनिवारी पहाटे चारला सहाशे सुटली. वेळ मिळते चाळीस तास. रविवारी रात्री आठच्या आत परत सांगलीत शिक्का पाहिजे. नानासोंनी नारळ फोडला, आमच्या घोळक्यानं "राजवर्धनदादा आगे बढो" केलं, आणि पावसाच्या भुरभुरीत तो कराडच्या दिशेनं दिसेनासा झाला. इतरही काही सायकली सुटल्या. त्यांच्याकडं आम्ही पाहिलं नाही.

साताऱ्यापर्यंत तडजोड उत्तम चालली. मुख्य रस्ता सपाट, वारा समोरून, त्यामुळं पुढचं चाक विमान उतरल्यासारखा आवाज करत राहिलं आणि मागच्यानं खड्ड्यांचा सगळा कारभार बिनबोभाट सांभाळला. राजवर्धनला क्षणभर वाटलंसुद्धा, की नानासोंना आपल्यापेक्षा जास्त कळतं. हा विचार पुष्कळ लोकांना पठार लागेपर्यंत येतो.

सज्जनगड मागं पडला, चढ संपला आणि चाळकेवाडीचं पठार आलं. धुक्यात पवनचक्क्यांची पाती कुठंतरी वर घूं घूं करत होती. पहिला झोत आला आणि पुढचं चाक राजवर्धनला न विचारता डावीकडं निघालं. डावीकडं दरी होती. त्यानं हँडल ओढून आणलं. दुसरा झोत आला. अध्यक्ष पुन्हा डावीकडं. मागचं चाक आपलं सरळ चाललेलं, पण त्याला कोण विचारतो? तिसऱ्या झोताला राजवर्धन खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालायला लागला. चालतानाही ती शिडाच्या होडीसारखी ओढ घेत होती. पाऊस आडवा लागत होता. तास वितळत चालले होते.

ठाणं पठाराच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. एका टपरीच्या आडोशाला टेबल, टेबलावर शिक्का, आणि शिक्क्यामागं साताऱ्याच्या मंडळाचा वीरधवल. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पावसातही मिशी कोरडी. त्यानं सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली.

"ह्ये काय वो, राजाभाऊ? पुडं इमान, मागं बैलगाडी. आघाडी सरकार हाय का काय?"

"बिनविरोध आहे," राजवर्धन म्हणाला.

"मग बराबर हाय." वीरधवलनं शिक्का मारला आणि चहा पुढं केला. "आता असं सांगा, परत जाताना बी ह्येच पठार, आनि मग घाट उतरायचा. उतारावर ह्ये चाक तुमाला खाली न्हेनार. पर रस्त्यानं न्हाई."

"चालत उतरीन."

"मग सांगलीत मंगळवारी पोचशीला." वीरधवलनं आपल्या सायकलीकडं बोट दाखवलं. "माजं पुडचं चाक काडून घ्या. सादं अल्युमिनियमचं हाय. मापबी त्येच, ब्रेकची डिस्कबी तीच. ठान्यावर मदत चालत्या, कायद्यात बसतंय. मला आज हितं बसूनच ऱ्हायाचंय, मला चाक कशाला? तुमचं इमान मी टेम्पोत घालून न्हेतो."

राजवर्धन चहाचा कप धरून उभा राहिला. साताऱ्याचं चाक! सांगलीच्या मंडळानं बिनविरोध दिलेलं चाक काढून साताऱ्याचं लावायचं! आमच्याकडं माणसं पक्ष बदलतात, पण त्याला रात्रीची वेळ असते आणि आधी बोलणी झालेली असतात.

"सांगलीत काय म्हणतील, सुभेदार?"

"म्हनायला तुमी आदी सांगलीत पोचाय पायजे न्हवं का?"

या वाक्यात खोट काढता येईना. शिवाय पल्लवीचा चष्मा आठवला. राजवर्धननं कप खाली ठेवला आणि चाक सोडायला बसला.

साध्या चाकानं तो घाट असा उतरला की वाटेत वाऱ्याला त्याची दखल घ्यायला फुरसत मिळाली नाही. उजेड असतानाच कोरेगाव आलं. तिथं चौकात ऋषिराज गाडी लावून, मोबाइल तिवईवर बसवून उभा होता. कार्बनचं चाक पाण्याचे तुषार उडवत येतंय, असं दृश्य त्याला टिपायचं होतं. त्यानं चित्रीकरण सुरू केलं आणि मग मोबाइलमागून डोकं बाहेर काढलं.

"पुढचं कुठाय?"

"वीरधवलकडं आहे."

"कुठल्या वीरधवलकडं?"

"साताऱ्याच्या."

ऋषिराज खालीच बसला. "राजाभाऊ, अरे दुश्मनाकडं गहाण टाकलंस?"

"वारा होता, ऋषी."

"वारा कापायलाच तर दिलं होतं!"

"समोरचा कापतो रे. बाजूचा आपल्याला कापतो," राजवर्धन म्हणाला आणि निघून गेला. सांगायला वेळ नव्हता.

पाच मिनिटांत ग्रुपवर बातमी: राजवर्धन फुटला. कार्बन गटानं निषेध नोंदवला. अल्युमिनियम गटानं अंगठे पाठवले. काही जणांनी ग्रुप सोडला आणि कोण काय बोलतंय ते कळेना म्हणून परत आले. शेवटी नानासोंचा आवाजी निरोप आला. मागं कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज होता, पण नानासोंचा स्वर एकदम स्थिर.

"कुनीबी गैरसमज करून घिऊ नये. राजवर्धन फुटल्याले न्हाईत. कार्बनचं चाक हे पदावरच हाय, ते फकस्त रजेवर गेलंय. साताऱ्याचं चाक प्रभारी हाय. प्रभारीला धोरणात्मक निर्णय घेता येत न्हाईत."

वातावरण निवळलं. प्रभारी चाकानं राजवर्धनला रात्रीत माण-खटावच्या उजाड रस्त्यांवरून फिरवलं. मंगल कार्यालयाच्या एका ओट्यावर त्यानं दोन डुलक्या काढल्या. सकाळी म्हसवड, दुपारी आटपाडी.

आटपाडीत त्याला वेगळाच वारा लागला. मल्हारनं हिशेब असा मांडला होता: आता पुढचंही अल्युमिनियम, मागचंही अल्युमिनियम. म्हणजे संपूर्ण बहुमत. बाजाराच्या मैदानाकडेला मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांत अर्धी आटपाडी. रस्त्यातच राजवर्धनला अडवण्यात आलं.

"मल्हारराव, वेळ नाही हो," राजवर्धन म्हणाला.

"दोनच मिंटं, राजाभाऊ. नुसता सत्कार."

आमच्याकडं नुसता सत्कार असं काही नसतं. शाल झाली. श्रीफळ झालं. फेटा बांधायला घेतला तर डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढायला राजवर्धन तयार होईना, नियमात बसत नाही म्हणाला. मग फेटा हेल्मेटवरूनच बांधला. त्यामुळं राजवर्धनचं डोकं गोपुरासारखं दिसायला लागलं. माजी उपसरपंचांनी चाकाचं महत्त्व या विषयावर बोलायला सुरुवात केली आणि श्रीकृष्णाच्या सुदर्शनापर्यंत आले. तिथून सायकलपर्यंत यायला त्यांना बराच पल्ला होता. राजवर्धन घड्याळाकडं पाहायचा, मग रस्त्याकडं, मग मल्हारकडं. मल्हारचे डोळे भरून आले होते. त्याला काही दिसत नव्हतं.

पहिल्या ओळीत मल्हारची आई भामाबाई बसली होती. ती ओवाळायचं ताट घेऊन उठली, उपसरपंचांच्या पुढून सरळ आली, राजवर्धनला ओवाळलं, सायकलीला ओवाळलं, आणि एक काळीभोर घोंगडी त्याच्या मागच्या कॅरिअरवर बांधून टाकली.

"आये, भाषन चाललंय," मल्हार म्हणाला.

"व्हय, मला ऐकू येतंय. तुमी चालू द्या." मग राजवर्धनकडं वळून, "पळ रं बाबा तू. ह्यास्नी काय, ह्ये दिवाळीपतुर बोलतील."

राजवर्धन पळाला. मागून टाळ्या ऐकू आल्या, त्या त्याला होत्या की भाषणाला ते कळलं नाही.

त्यानंतरचा रस्ता त्याचा त्याला. तासगावच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं. गुडघाभर लाल चिखल, त्यात सायकल खांद्यावर. फेटा भिजून सुटला आणि त्याचं टोक खांद्यावरून फडफडायला लागलं. घोंगडीनं पाणी पिऊन वासराएवढं वजन केलं, पण ओवाळून दिलेली वस्तू वाटेत टाकायची तर भामाबाई कुठून तरी बघतील असं त्याला वाटलं. द्राक्षबागांच्या कडेनं तो शब्दही न बोलता पायडल मारत राहिला. पायांत गोळे आले, गेले, आणि परत राहायला आले. मागचं चाक घरघरलं नाही. पुढचं चाक कुठं वळलं नाही. साडेसातला सांगलीची हद्द लागली.

शेवटचं ठाणं गावाबाहेरच्या एका हॉटेलात होतं. हॉटेलापुढं आम्ही होतो. मंडळाचे दोन्ही गट, दोन्हींचे वेगवेगळे हार आणि बँड एकच, कारण एवढ्यावर नानासोंनी एकमत घडवलं होतं. राजवर्धनला पाहताच बँडनं रस्ता व्यापला. ऋषिराजचे लोक डावीकडून हार घेऊन आले, दुसरे उजवीकडून. गुलाल उधळला गेला. तो भिजलेल्या माणसावर बसतो तसा, म्हणजे कायमचा बसला. नानासो माइक शोधत होते. राजवर्धन कार्ड वर धरून काहीतरी ओरडत होता, पण ढोलापुढं कुणाचं काय चालतं? आम्हाला वाटलं, जिंकल्याचा आनंद आहे.

आठ वाजायला थोडं राहिलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून पल्लवी आली. तिनं चष्मा काढलेला होता. डावीकडचा हार तिनं ऋषिराजच्याच गळ्यात घातला, उजवीकडचा बँडवाल्याच्या, राजवर्धनचं मनगट पकडलं आणि ओरडली, "आधी शिक्का! हार कधीही घालता येतो, मेल्यावरसुद्धा!"

बँड थांबला. तिनं त्याला दारातून आत लोटलं. कार्ड टेबलावर आपटलं. शिक्का मारणाऱ्यानं घड्याळ पाहिलं, कार्ड पाहिलं, लाल-काळ्या रंगाचा, फेटा गळ्यात लोंबणारा तो माणूस पाहिला, आणि शिक्का मारला.

"वेळेत," तो म्हणाला.

राजवर्धन रडला. पल्लवीही, पण तिनं चष्मा घालून घेतला असल्यानं ते सिद्ध करता येणार नाही. दोघं तिथंच पायरीवर बसून एकाच बशीतनं चहा प्यायले. आमच्या मंडळाचा पहिला सुपर रँडोनर झाला होता, आणि त्याला उठता येत नव्हतं.

मग सत्कार झाला, रीतसर. ऋषिराजनं सांगितलं की साताऱ्यापर्यंतचा अवघड वारा कार्बननं कापला म्हणूनच पुढचं जमलं. मल्हारनं सांगितलं की सहाशेच्या सहाशे किलोमीटर मागचं चाक ज्या धातूचं होतं त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याहून वीरधवलचा फोन आला, तो माइकला लावण्यात आला. त्यानं प्रभारी चाकाला कायम करण्याची मागणी केली. नानासोंनी समारोपात सांगितलं की हा तिन्ही चाकांचा विजय आहे, आणि योग्य चाकांची निवड एकमतानं झाली नसती तर असल्या पावसात, असल्या रस्त्यावर सहाशे किलोमीटर पूर्ण होणं मानवी शक्तीबाहेरचं होतं. सगळ्यांना ते पटलं. राजवर्धनलासुद्धा पटलं, तो झोपला होता.

संयोजकांनी दुसऱ्या दिवशी निकाल लावला. त्या सहाशेला एकोणीस जण निघाले होते. एकोणीसही वेळेत पोचले.